आलं का?

सकाळी नऊ वाजता मी बोरिवलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या टेबलापाशी बसतो आणि अंधेरीतल्या तोरण्याला हाक मारतो. तोरणा ओ देतो. मग राजगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंहगड. रायगड जरा उशिराने. राजधानीचा किल्ला तो, पहिल्या हाकेला ओ दिली तर त्याचा मान काय राहिला! सहाही नावांपुढे हिरवे ठिपके उमटले की मी चहाचा पहिला घोट घेतो. घरून काम करायला लागलो तेव्हा बायको शेजारी भाजी निवडता निवडता हे सगळं बघायची. एकदा ती माहेरी फोनवर सांगत होती ते माझ्या कानावर आलं, "काय काम करतात ते मला नीटसं कळत नाही गं, पण रोज सकाळी किल्ले मोजतात."

हे किल्ले म्हणजे आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूम. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीच्या भागात, एका काचेच्या इमारतीचा सहावा मजला. पूर्वी त्या खोल्यांची नावं ए, बी, सी अशी होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मग कुणाच्या तरी अंगात इतिहास संचारला. तोरण्याचं दुसरं नाव प्रचंडगड. आमच्या तोरण्यात चार खुर्च्या आहेत आणि पाचवा माणूस आत आला तर आधीच्या चौघांपैकी एकाला गुडघे छातीशी घ्यावे लागतात. रायगडात अठरा जण बसतात, त्यातले सोळा गप्प असतात.

या खोल्यांत वायफाय नीट चालतंय की नाही हे बघणं माझं काम, आणि तेही लांबून. तिथे जाऊनच का बघत नाही, असं कुणालाही वाटेल. ज्याला असं वाटतं त्याने सकाळच्या गर्दीत बोरिवलीहून अंधेरीला उतरून दाखवावं. चढणं सोपं आहे, बोरिवलीचीच गाडी पकडली की झालं. उतरणं हे शास्त्र आहे. त्या शास्त्रात तीस वर्षं घालवल्यावर मला लांबून बघण्याची गोडी लागली, यात नवल नाही.

तर प्रत्येक खोलीत टीव्हीच्या मागे पत्त्यांच्या कॅटाएवढी एक डबी लावली आहे. तिच्यात रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कम्प्युटर. दर पाच मिनिटांनी ही डबी एखाद्या नव्या माणसासारखी वागते. वायफाय शोधते, पासवर्ड देते, मला पत्ता द्या म्हणते, बाहेर जायचा रस्ता विचारते, एक निरोप धाडून बघते आणि हे सगळं करायला किती वेळ लागला ते मला कळवते. खरा माणूस हेच करतो, पण मध्ये तीनदा आयटीवाल्यांचा उद्धार करतो. डबी तो करत नाही. तिच्याबद्दलच्या माझ्या आदराचं हे एक कारण.

तो निरोप धाडायच्या प्रकाराला पिंग म्हणतात. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतल्या माणसाने हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणारं सोनार पाण्यात टुण्णकन आवाज सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतं, त्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. निरोपात मजकूर म्हणावा असं काही नसतं. इकडून 'आहेस?' तिकडून 'आहे.' संपलं. बोरिवली ते अंधेरी रेल्वेने १२ किलोमीटर. माझं 'आहेस' जाऊन तोरण्याचं 'आहे' परत यायला चांगल्या दिवशी ८ मिलिसेकंद लागतात.

आमच्या आईने म्यूससाहेबांचं नाव कधी ऐकलं नाही, पण पिंग तिला पक्कं येत होतं. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. कुणीही बाहेरगावी निघालं की ती दारातून बजावायची, "पोचलास की खालच्या काकूंकडे एक रिंग दे आणि ठेव." रिंग एकच द्यायची. काकूंनी फोन उचलायचा नाही, कारण उचलला की नाणं पोटात जायचं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे पोचलो, पण सामान विसरलो. तीन रिंगा कुणी कधी दिल्या नाहीत. त्यांचा अर्थ ठरवायची आईची हिंमत झाली नसावी. पुढे मोबाइल आला आणि अख्ख्या मुंबईने हीच रीत मिस्ड कॉल म्हणून चालवली. बिनपैशांची, बिनशब्दांची, आणि निरोप पोचल्याची खात्री देणारी. अमेरिकेच्या लष्कराने आमच्या काकूंना विचारलं असतं तर प्रोग्राम सोळा आण्यांनी स्वस्त पडला असता.

पण माझ्या धंद्याची खरी शाळा काकूंच्या फोनपाशी नव्हती, ती गच्चीवर होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. आमच्या घरी टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. तो आला आणि त्याच्याबरोबर गच्चीवर अॅल्युमिनियमच्या दांड्यांची ती माशाच्या काट्यासारखी अँटेना आली. तिचं तोंड वरळीकडे हवं. मुलुंडहून वरळी कुठे, यावर आमच्या इमारतीत तीन मतं होती आणि तिन्ही मतांच्या अँटेना गच्चीवर तीन दिशांना बघत उभ्या होत्या. कावळ्यांना चौथं मत होतं.

चित्र बिघडलं की बाबा गच्चीवर जात. मी जिन्याच्या खिडकीत. आई टीव्हीसमोर. बाबा वरून विचारत, "आलं का?" मी आत तोंड करून, "आलं का?" आई म्हणे, "नाही." मी वर, "नाही!" अँटेना दोन बोटं फिरे. "आता?" "आता?" "थोडं थोडं." 'थोडं थोडं' हे वर पोचेपर्यंत आईकडचं चित्र बदललेलं असे. "आलं, आलं! हां, तिथेच ठेवा!" बाबा हात काढत, आणि हात काढला की चित्र जाई. बाबांचा देह हाच त्या अँटेनेचा एक भाग होऊन बसला होता. एकदा छायागीत लागलं असताना आईने अगदी सहज म्हटलं होतं, "अर्धा तासच आहे, धरूनच उभे राहा ना." बाबा उभे राहिले. खाली एकेक गाणं संपत होतं आणि वर ते डास मारत होते, एकाच हाताने.

लांबून बिनतारी जोडणी तपासणं ते हेच. फक्त आता गच्चीवर डबी असते आणि जिन्यात मी एकटा नसतो, माझ्या जागी पाच-सहा यंत्रं 'आलं का' पुढे ढकलत असतात.

मुलुंडला आणखी एक पीडा होती. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. वरळीची लहर सरळ यायची, तशीच डोंगरावर आपटूनही यायची, किंचित उशिरा. त्यामुळे पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजव्या खांद्याशी त्याचंच फिकट भूत उभं असायचं. प्रदीप भिडे बातम्या द्यायला बसले की आमच्याकडे दोन भिडे दिसत, एक वाचणारे आणि एक त्यांच्या मागून डोकावून बघणारे. ती भुतं घालवण्यात बाबांची उमेदीची वर्षं गेली. मीटिंग रूममध्येही तोच प्रकार आहे. भिंत, काच, टेबल, पोलादी व्हाइटबोर्ड, सगळ्यांवर आपटून लहर वेगवेगळ्या वेळी पोचते. फरक एवढाच की २००९ साली वायफायचं जे नवं प्रमाण मंजूर झालं त्यात दोन-चार अँटेना एकदम वापरून या प्रतिध्वनींनाच कामाला जुंपलं आहे. वेगवेगळ्या वाटेने आलेली लहर वेगवेगळा माल घेऊन येते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे भूत होतं ते बरं होतं?"

डब्यांवर सगळं भागत नाही. डबी टीव्हीमागे बसते; माणूस टेबलाच्या टोकाला, खांबाच्या आडोशाला, कधीकधी टेबलाखाली चार्जर शोधत असतो. म्हणून महिन्यातून एकदा मी ऑफिसातल्या काकांना फोन करतो. काका तिथले सगळ्यात जुने. एका तळहातावर उघडा लॅपटॉप धरून, पूजेचं तबक न्यावं तसे, ते किल्ल्या-किल्ल्यांतून फिरतात. कानात माझा आवाज.

"काका, तोरण्यात शिरलात?"

"शिरलो. किती कांड्या पायजेत?"

"कांड्या नको, आकडा सांगा. खाली उणे काहीतरी दिसेल."

"उणे बासष्ट. बरंय का?"

"छान आहे. आता दरवाजा लावा."

"उणे सत्तर. आता मी पण उणेच का?"

हे उणे आकडे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. लहरीची ताकद मिलिवॅटच्या मापात धरली तर उणे ६० म्हणजे एका मिलिवॅटचा दहा लाखावा भाग. उणे ७० म्हणजे त्याचाही दहावा. उणे ६७ च्या आसपास बोलणं-बघणं सुरळीत होतं. उणे ८० ला माणूस समोर तोंड हलवताना दिसतो आणि आवाज पुढच्या मिनिटात येतो. साहेबांना एकदा मी हा तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "सगळं उण्यातच का आहे? पुढच्या तिमाहीला आपण अधिकचं टार्गेट ठेवू या." मी 'हो' म्हटलं. काही बाबतींत 'हो' म्हणणं हाच कमी खर्चाचा उपाय असतो.

काकांबद्दल एक सांगायलाच हवं. सिंहगडाची डबी एकदा चार तास बंद होती. काकांनी जाऊन काहीतरी केलं, ठिपका हिरवा झाला आणि लगोलग फोन आला, "सर, गड आला पण टीव्ही गेला." त्या महिन्यातलं ते सर्वोत्कृष्ट तांत्रिक निवेदन होतं.

तोरण्याची वेगळी कथा. रोज दुपारी एक ते दोन त्याची तब्येत बिघडायची. बारा पन्नासपर्यंत ठणठणीत, एकला घरघर, दोनला पुन्हा उभा. मी दोन आठवडे आलेख बघत बसलो. शेवटी काकांना म्हटलं, तोरण्याच्या भिंतीपलीकडे काय आहे? पलीकडे पँट्री होती आणि पँट्रीत डबे गरम करायचा मायक्रोवेव्ह. त्याची भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि वायफायचा जुना, सगळ्यांनी वापरलेला पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. जाळीच्या दारातून अगदी थोडी गळती होते, पण शेजारच्या खोलीची कुजबुज बुडवायला ती पुरते. म्हणजे एका माणसाची भेंडी गरम होत होती तेव्हा भिंतीपलीकडे दुसऱ्याचं सादरीकरण गार पडत होतं. हा पट्टा आपल्याकडे २००५ साली सरकारने परवान्यातून मोकळा केला. बाबांच्या कपाटात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं, पोस्टात जाऊन पैसे भरून त्यावर शिक्के घ्यावे लागत. आता भेंडीलाही लायसन्स लागत नाही. मी तोरण्याला ५ गिगाहर्ट्झवर हलवलं. पँट्रीतल्या कुणाला यातलं काही कळलं नाही, आणि तेच बरं.

खोली रिकामी असताना उत्तम चालणारं वायफाय माणसं भरली की मान का टाकतं, हा प्रश्न मला दर सोमवारी दहा वाजता विचारला जातो. याला दोन उत्तरं आहेत. पहिलं पाण्याचं. माणसात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं. अठरा माणसं म्हणजे रायगडावर अठरा भरलेले माठ मांडले. दुसरं उत्तर जास्त मजेचं. प्रत्येकाचा एक लॅपटॉप, एक फोन, काहींचं घड्याळही. आणि बोलायला वाट एकच.

हवेत एका वेळी एकानेच बोलायचं कसं, हा प्रश्न १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी सोडवून दाखवला. त्यांच्या जाळ्याचं नाव अलोहानेट. नियम असा की ज्याला बोलायचं त्याने बोलून टाकावं. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला तर दोघांनीही थोडं थांबून पुन्हा बोलावं. गणित केलं तर या पद्धतीत वेळेचा फार तर १८ टक्के भाग सत्कारणी लागतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा अनुभव याच्याशी जुळतो. वायफायने पुढे सुधारणा केली. आधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं. त्याचं संपलं की लगेच तोंड घालायचं नाही, मनाशी काही आकडे मोजायचे आणि मगच बोलायचं. पोचल्याची पावती आली नाही तर आणखी जास्त थांबून पुन्हा. रायगडातली छत्तीस यंत्रं हे शिष्टाचार काटेकोर पाळत असतात, आणि त्याच वेळी टेबलाभोवतीची दोन माणसं अलोहा पद्धतीने बोलत असतात.

मग काही फोन असे असतात की डोक्यावर नवा राउटर चमकत असला तरी लांबच्या, दरवाजाजवळच्या जुन्या राउटरलाच चिकटून राहतात. सिग्नल क्षीण, आवाज तुटक, पण सोडत नाहीत. याला बाहेरच्या पुस्तकांत काही नावं आहेत. मी काकांना समजावलं ते असं : दादरहून बोरिवलीला येऊन पंचवीस वर्षं झाली, खाली उतरलं की बाजार आहे, पण भाजी दादरचीच. काका म्हणाले, "म्हणजे आमची आई." त्यानंतर असा फोन सापडला की ते वायफाय बंद करून चालू करतात आणि मला कळवतात, "आईला बोरिवलीत आणली."

कधीकधी या सगळ्या उद्योगाची मला लाज वाटते. १९२७ साली पुण्याजवळच्या खडकीत आणि दौंडला उंच खांब रोवून हिंदुस्थान ते इंग्लंड असा बिनतारी संदेशांचा मार्ग सुरू झाला. मध्ये समुद्र, वाळवंट, अर्धा युरोप. त्याला शंभर वर्षं होत आली आणि मी दाराच्या आतून बाहेर तीन मीटरवर आवाज का पोचत नाही याचा अहवाल लिहितोय. अर्थात दौंडच्या खांबाखाली अठरा माणसं आपापले फोन घेऊन बसली नव्हती.

२०२० च्या मार्चनंतर काही महिने ऑफिसात कुणीच नव्हतं. डब्या मात्र सुरू होत्या. त्या काळातले माझे आलेख बघण्यासारखे आहेत. सहाही किल्ल्यांची रेषा पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी, एक ओरखडा नाही. दर पाच मिनिटांनी रिकाम्या रायगडात ती डबी पासवर्ड द्यायची, पत्ता मागायची, 'आहेस?' ला 'आहे' म्हणायची. इतकी निर्दोष कामगिरी माझ्या हातून पुन्हा झालेली नाही. साहेबांनी ईमेलवर अभिनंदनही केलं. मी ते वाचून घरात कुणाला दाखवलं नाही.

माणसं परत आली आणि ओरखडे परत आले. त्यातला एक नवीन होता. तोरणा रोज सकाळी नऊ दहाला जायचा आणि नऊ चाळीसला यायचा. भेंडीची वेळ नाही, मीटिंग नाही. अगदी ठरल्या वेळी डबी मुकी. मी राउटर बदलला, डबी बदलली, एकदा तर सॉफ्टवेअर पहिल्यापासून घातलं. शेवटी काकांनी हळू आवाजात सांगितलं, "सर, त्या मावशी तिथं मोबाइल लावतात. तेवढाच एक प्लग हाताला लागतो त्यांच्या."

मावशी म्हणजे साफसफाईच्या. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर राहतात. पूर्वी बसने यायच्या. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून मेट्रोने. त्यांच्या घरी सकाळी एका बोर्डावर पाच जणांचे फोन, त्यामुळे यांचा नंबर लागत नाही. आठला निघायचं, नऊला आत शिरायचं, आधी तोरणा झाडायचा आणि तेवढ्यात अर्धा तास फोन. मी एक्स्टेन्शन बोर्डाची मागणी रीतसर टाकली. बोर्ड आला. तो रायगडावर गेला, राजधानी ती. मग मी दुसरा उपाय केला. धोक्याची घंटा वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : तोरणा, सकाळी नऊ दहा ते नऊ चाळीस, दुर्लक्ष करावे. घंटा थांबली. आलेखावरची खाच तशीच राहिली. पुढे पुढे ती दिसली की घड्याळ बघायची गरज उरली नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी तोरण्याची रेषा सलग आली. मंगळवारीही. बुधवारी नऊ पंधराला मी तीनदा हाक मारून बघितली. तिन्ही वेळा तोरण्याने आज्ञाधारकपणे ओ दिली. काकांना फोन केला.

"तोरण्यात काही प्रॉब्लेम नाही ना?"

"नाय सर, मस्त चालू आहे."

"तेच. कधीपासून?"

काकांना कळलं. "मावशी गावी गेल्यात, मंडणगडला. लावणी आहे. भाऊ एकटाच आहे तिथं."

"कधी येणार?"

"फोन लागत नाय सर. त्यांच्या वाडीत टॉवर नाय."

दुसऱ्या आठवड्यात बोरिवलीत असा पाऊस लागला की समोरची इमारत दिसेना. रोज सकाळी मी किल्ले मोजायचो. सहाच्या सहा हिरवे. तोरण्याची रेषा सरळ, जशी कुठल्याही निरोगी किल्ल्याची असावी. बायकोने एकदा विचारलं, "सगळं चालू आहे ना? मग तोंड का असं?" काय सांगणार? चहा समोर तसाच गार व्हायचा.

पंधराव्या दिवशी पाऊस जरा उघडला होता. नऊ पाचला सहा हिरवे. नऊ दहाला पाच. बायको कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय हो, आले का सगळे?"

"तोरणा गेला," मी म्हटलं आणि चहाचा पहिला घोट घेतला.